दाजी, म्हैस आणि गार वाफ

माणसांपेक्षा प्लास्टिकच्या म्हातारपणाची अधिक चिंता वाहणारा गृहस्थ केज तालुक्यात एकच जन्मला, आणि तोही आमच्या अक्काच्या वाट्याला आला. दाजी महाविद्यालयात पदार्थविज्ञान शिकवत. जीव मात्र रमे तो पाण्याच्या टाक्या, ठिबकच्या नळ्या आणि मंडपातल्या खुर्च्यांत. लग्नात सारे वांग्याच्या भाजीच्या वासाने कासावीस झालेले असताना हे खुर्चीची पाठ हुंगत आणि खेदाने म्हणत, "हवेनं खाल्लंय हिला." एका वरपित्याला त्यांनी ऐन अक्षता पडताना खुर्चीवरून उठवलं, ती आता फार जगणार नाही म्हणून. खुर्ची अजून धडधाकट आहे. तो सोयरा मात्र आमच्याशी बोलत नाही.

प्लास्टिकमध्ये म्हणे एक रक्षक द्रव्य मिसळलेलं असतं. हवेशी आधी ते झुंजतं, झिजतं. ते संपलं की प्लास्टिक तडकतं. ते किती उरलं हे दाजी घरीच मांडलेल्या विजेच्या यंत्रावर मोजत. नमुन्याची चकती कमालीची गार करायची. बाकी सारं गोठलं की त्या द्रव्याची बारीक थरथर तेवढी यंत्राला जाणवते. "जोवर ते झिजतंय, तोवर त्याची कुणाला आठवणही न्हाई," असं दाजी सांगत. शेणाचे हात धुऊन अक्का त्यांच्यापुढे चहा ठेवी. त्यांची नजर चकतीवरून हलत नसे. त्यांचा पगार यंत्रात मुरे. घर चाले ते अक्काच्या म्हशीवर.

अक्काच्या गावी, नांदूरघाटात, तसली थंडी एकाच ठिकाणी मिळे, गुरांच्या डॉक्टरांकडे. रेड्याच्या बीजाच्या कांड्या ते द्रवरूप नायट्रोजनच्या डब्यात जपत. म्हैस माजावर येण्याच्या बेतात होती, म्हणून त्यांनी लहान डबा अक्काच्या ओसरीवर आणून ठेवला आणि हात न लावण्याची शपथ दाजींना घातली. दाजींनी शपथ पाळली. रात्री डब्याचं झाकण चिमट्याने उचललं. पाण्याच्या टाकीच्या झाकणातून कापलेली चकती यंत्रात घातली आणि सारा नायट्रोजन तिच्यावर ओतला.

सकाळी म्हैस माजावर येऊन हंबरली. डॉक्टरांनी डबा उघडला. उतू जाणाऱ्या दुधासारखी पांढरी वाफ काठावरून सांडायला हवी होती. डबा मुकाच राहिला.

"सर, कांड्या मेल्या की वो."

"पण आलेख बघा, लई देखणा आलाय."

अक्काने आलेखाकडे पाहिलंही नाही. "म्हैस भाकड राहिली, तर दूध तुमच्या यंत्रातून काढू का?"

म्हैस पुन्हा माज कधी दाखवील याचा नेम नव्हता. ते वर्ष आटूनच गेलं. यंत्रावर अक्काची जुनी साडी पडली, ती पुन्हा निघाली नाही.

परवा मी अक्काकडे गेले, तर दाजी पहाटेच गोठ्यात. म्हशीच्या पाठीवर हात ठेवून तिच्या श्वासाला कान लावलेला. डॉक्टर आले, डबा उघडला, वाफ काठावरून सांडली. दाजी लिंबाखाली दूर उभे होते, दोन्ही हात पाठीमागे घट्ट बांधून, वर्गाबाहेर काढलेल्या पोरासारखे.

"या, जवळून बघा," अक्का वळून न पाहता म्हणाली. "हात तेवढा लावू नका."

ते आले. वाफ त्यांच्या चपलांपर्यंत सरपटत आली आणि विरली. दाजींनी ती पाहिलीच नाही. म्हशीचा कासरा धरलेल्या अक्काच्या भेगाळल्या हातांवर त्यांची नजर खिळली होती.