दहा मिनिटं पुढचं घड्याळ

लातूरच्या ज्या क्लासमध्ये मी कॉम्प्युटर सांभाळायचे, तिथलं भिंतीवरचं प्रत्येक घड्याळ दहा मिनिटं पुढं. पोरं वेळेवर येतात म्हणे! भूकंपानंतर दुमजली घरात निजायला भिणारं आमचं लातूर आता चार मजली क्लासात पोरं कोंबून राहिलं होतं, आणि सगळ्यांनाच घाई. भिंतीवर काय करायचं ते करा बापहो. पण मी रविवारी नायगावला घरी गेले, तेवढ्यात क्लासच्या सरांनी सर्व्हरचं घड्याळही दहा मिनिटं पुढं करून ठेवलं.

मला कळलं ते सोमवारी, फुकटच्या बॅचच्या प्रवेशाची ऑनलाइन परीक्षा सुरू झाल्यावर. दहा ते एक पेपर. माझ्या मोबाइलवर दहा वाजून पाच, सर्व्हरवर सव्वादहा.

"सर, हे काय करून ठेवलं?"

"का बरं? मशीनला शिस्त नको का?"

डोकंच फिरलं माझं. "घंटा खऱ्या दहाला दिली, अन् पेपर बंद होणार मशीनच्या एकला! पोरांची दहा मिनिटं गेली की!"

सरांचं तोंड एवढंसं झालं. "मग करा की मागं."

कसं करणार? प्रत्येक उत्तरावर वेळेचा शिक्का बसत होता. घड्याळानं एकदम मागं उडी मारली, तर दिलेली उत्तरं अजून न आलेल्या वेळेची ठरून पेपरच अडकले असते. आणि तिसऱ्या रांगेत माझी धाकटी बहीण. जागा मिळाली तर लातूर, नाहीतर रविवारी बाबा येऊन तिला नायगावला नेणार, हे ठरलेलं. त्यात बाईसाहेब गणितं कायम शेवटी सोडवणार!

मग आठवलं. सर्व्हरवर लिनक्स होतं. त्याचा गाभा, कर्नेल, ठोके मोजतो आणि दर ठोक्याला ठरलेला वेळ घड्याळात टाकतो. किती टाकायचा, ते आपण सांगू शकतो. नेहमीच्या बेतानं हळू केलं असतं तर दहा मिनिटं भरून यायला दोन आठवडे लागले असते. म्हणून मी ठोक्याचा दहावा हिस्साच कापला. घड्याळ मागं गेलं नाही, नुसतं रमतगमत चालायला लागलं.

"म्याडम, सेकंद लई रेंगाळून राहिलाय," एक पोरगी म्हणालीच.

"तू पेपर बघ गं!" मी दटावलं. मनात म्हटलं, शाब्बास, पोरगी हुशार हाय!

बाराच्या आत सर्व्हर आणि माझा मोबाइल जुळले. मी ठोका पूर्ववत केला. एकाला दहा कमी असताना श्वास रोखून मागं उभी राहिले. एकाचाही पेपर मिटला नाही. सर माझ्याकडं बघून एवढे हसले की मलाही राग धरता येईना.

संध्याकाळी निकाल लागला. बहिणीचा नंबर अगदी काठावर, पण आत! आम्ही दोघी जिन्यातच नाचलो. मी नायगावला फोन लावला.

"बाबा, रविवारी येऊ नका."

"का गं? काय झालं?"

"जागा मिळाली हो! पोरगी इथंच राहणार!"

बहिणीनं फोन हिसकावला आणि ओरडली, "बाबा, शेवटची तीन गणितं एक वाजायला पाच मिनिटं उरली तेव्हा सुटली!"