शाकाकांचा वाडगा

शीआन शहराच्या जुन्या तटबंदीभोवती पर्यटकांना सायकलरिक्षातून फिरवून शाकाका आमच्या खाणावळीत जेवायला येतात. मटणाच्या रश्शात घालायची रोटी गिऱ्हाइकानं आपल्या हातानं बारीक तोडायची, ही आमच्याकडची रीत. पर्यटक कंटाळून यंत्रावर कापलेली मागायचे, तेव्हा काका त्यांना हिणवायचे, "हात काय घरी ठेवून आलात?"

त्यांचे तुकडे नेहमी वाटाण्याएवढे.

काल मी त्यांचा वाडगा रस्सा घालायला आत नेला, तर आचारी माझ्यावरच खेकसला, "कुठल्या पर्यटकानं हे धोंडे घातलेत? बारीक करून आण म्हणावं!"

बाहेर सगळं ऐकू गेलं होतं. मी वाडगा परत आणला. काकांनी थरथरती बोटं बाहीत ओढून घेतली.

"यंत्राचीच दे, पोरी. माझे हात घरी राहिले."