खिडकीतला पिंपळ

लातूरच्या सरकारी दवाखान्यात नर्स होते तेव्हा मी दोन खोल्या भाड्याने घेतल्या होत्या. लोह्याजवळच्या आमच्या गावी बुद्ध विहाराच्या भिंतीत पिंपळाचं रोप उगवलं होतं. बोनसाय करायचं माझ्या मनात होतं म्हणून वडिलांनी ते मुळासकट जपून काढून दिलं. पसरट कुंडीत लावून मी ते खिडकीत ठेवलं. वडील त्याच वर्षी गेले.

एका दुपारी ड्युटीवरून आले तर खिडकी रिकामी. घरमालकीणबाईंनी त्यांच्या किल्लीने दार उघडून झाड बुडापासून कापलं होतं, कुंडी उकिरड्यावर उपडी केली होती. जाब विचारला तर शांतपणे म्हणाल्या, "घरात पिंपळ ठेवत असतेत का, सिस्टर? तुमच्यात चालत असंल. आमच्यात न्हाई."

मी मुळांचा गड्डा उचलून आणला. टँकरच्या पाण्याचे दिवस होते. तांदूळ धुतलेलं पाणी साठवून त्याला घातलं. कापलेल्या जागेखालून दोन कोंब फुटले, त्या दिवशी मी ठरवलं की हे झाड जगवायचं आणि एकदा त्या बाईला दाखवायचं.

पुढे नांदेडला बदली झाली, घर बांधलं. पिंपळ पूर्वेच्या खिडकीत आला. फांद्यांना तार गुंडाळून वळण दिलं, पावसाळ्याच्या तोंडाला मुळं छाटली. शेंडा खुडला की पांढरा चीक यायचा. खुडताना मला दरवेळी त्या बाईंचा चेहरा दिसायचा आणि नख जरा जोरातच लागायचं. खोड मनगटाएवढं झालं तरी राग काही कमी झाला नाही.

मग वरची खोली भाड्याने द्यायची पाटी लावली आणि एक बाई मुलीला घेऊन आल्या. मुलीला जवळच्याच कॉलेजात प्रवेश मिळाला होता. बाईंनी मला ओळखलं नाही, मी मात्र आवाजावरूनच ओळखलं. त्यांना मुद्दाम झाडासमोर बसवलं आणि चहा सावकाश केला. बाहेर आले तेव्हा त्या खोडावरच्या जुन्या कापाकडे बघत होत्या. कप हातात देत मी म्हणाले, "तेच आहे."

त्यांचा चेहरा उतरला. त्या उठायला लागल्या, तसं मी सांगितलं की खोली देते, पण हे झाड त्याच खोलीत राहील. मुलीने रोज माती चाचपून पाणी घालायचं. "आणि दर रविवारी तुम्ही येऊन ओल्या फडक्याने पानं पुसायची. तुमच्यात चालत असेल तर."

जवळपास दुसरी खोली नव्हती. त्या हो म्हणाल्या.

झाड वर नेलं आणि आठवड्याभरात पानं गळायला लागली. जागा बदलली की हे झाड रुसतं, पानं टाकतं, पुन्हा फुटतं. हे मला माहीत होतं. मी सांगितलं नाही. खोली जाईल या भीतीने बाई रविवारची वाट न बघता लातूरहून बसने येऊन वर गेल्या आणि गळलेली पानं पिशवीत घालून माझ्याकडे खाली आल्या. "ताई, मी काहीच केलं न्हाई हो. आता काय करू?"

"बघू," मी म्हणाले. त्या रात्री मी लई दिवसांनी पोटभर जेवले.

पुढच्या एका रविवारी त्या धावतच खाली आल्या. तांबूस पालवी फुटली होती. त्या हसत होत्या, जणू झाड त्यांचंच होतं. माझ्या वडिलांच्या झाडाची नवी पालवी पहिल्यांदा त्यांनी पाहावी, हे मला अजिबात आवडलं नाही.

मुलीचं शिक्षण संपलं, खोली रिकामी झाली, पिंपळ पुन्हा खाली आला. बाई अजून अधूनमधून फोन करतात. माझी विचारपूस करतात आणि मग हळूच झाडाची. "बरं आहे," एवढंच सांगते आणि फोन ठेवते.