ठेक्यावर बसवलेलं रडणं

आक्का, अक्षर वाकडं आहे आणि ऱ्हस्व-दीर्घ मला कधीच जमलं नाही. चौथीनंतर हातात पेन्सिल कमी अन् खराटा जास्त राहिला. लागेल तसं लावून वाच. तुझ्या सासरी सेमाडोहला मोबाईलला रेंज नसते, म्हणून भावानं येऊन सांगितलं तेवढंच तुला माहीत आहे. माझी बाजू इथं लिहून ठेवते. तुला देईन की नाही ठाऊक नाही, पण तोंडानं तर मला सांगताच येणार नाही.

वलगाव सोडलं त्या दिवशी वहिनीनं माझी पिशवी सकाळीच ओट्यावर आणून ठेवली होती. नवऱ्यानं दुसरी केली म्हणून मी माहेरी आले, तर ते माहेर एक पावसाळा पुरलं. भाऊ गाडी पुसत बसला होता. स्टँडवर सोडतो, असं काही म्हणाला नाही. मायच आली, फडक्यात भाकरी बांधून. एसटीच्या खिडकीखाली उभी राहून म्हणाली, “परक्याच्या घरी भांडे घास माय, पण रडू नको. रडाले आपला ओटा पायजे.”

अकोल्यात मी वकीलबाईंच्या घरी लागले. मागची खोली, दोन वेळचं जेवण, वर पगार. त्यांचा मुलगा सारंग पुण्याला शिकून परत आला होता. त्याच्या खोलीच्या भिंतींना फोम लावलेला, आत कॉम्प्युटर, माईक, आणि गाण्यांच्या मोठमोठ्या काळ्या तबकड्या. वरच्या फळीवरच्या तबकड्या मी एकटीनंच पुसायच्या, कारण माझा हात हळू आहे असं तो म्हणे. “हे ट्रिप-हॉप, मावशी. वरच्या फळीवरचं ज्यानं ऐकलं नाही त्यानं काहीच ऐकलं नाही.” इंग्लंडातल्या एका बंदराच्या गावात ही गाण्याची तऱ्हा सुरू झाली म्हणे. मला इंग्रजी नावं वाचता येत नव्हती, मी चित्रांवरून ओळखायची. पहिली, जिच्या मागं बाकीचे सगळे गेले. दुसरी, जिच्यात एक बाई दाराआड उभी राहून गाते असं वाटतं. तिसरी, जी एका पोरानं दुसऱ्यांच्या जुन्या तबकड्यांचे तुकडे जोडून केली, स्वतः एक शब्द न गाता.

खोटं कशाला सांगू, मला ते आवडायचं. लांबच्या वावरात मोटार चालू असावी तसा धिमा ठेका, अन् त्याच्यावर कोणाचा तरी आवाज. एकदा मी विचारलं, ही कोण रडते? तो म्हणाला, “काय माहीत. कुठल्या तरी जुन्या टेपवरची असेल. उचलायची अन् लावायची, हीच तर कला आहे.”

माय गेल्याचा फोन आला तेव्हा मी त्याच्याच खोलीत फरशी पुसत होते. तिनं सांगितलेलं सगळं मी विसरले. आक्का, आपल्याकडं बाई नुसती रडत नाही, शब्द घालून रडते. सासूनं छळलं ते, भावानं लोटलं ते, सगळं त्या रडण्यात म्हणून घेते. ऐकणारे मान खाली घालतात आणि नंतर कोणी तोंडावर आणत नाही. रडण्यातलं बोलणं मातीसोबत जातं. म्हणून मीही म्हणाले, “माय वं माय, लेकाचं घर सिमेंटाचं, तुई बाज गोठ्यात.” खोटं होतं का? तूही पाहिलं होतंस.

सारंग माईकपाशी तसाच बसून राहिला. मला वाटलं, पोरगं चांगलं आहे, रडू देतं. वकीलबाई दारात येऊन म्हणाल्या, “कांता, पाहुणे बसलेत. पोळ्या टाक आणि मग जा.” मी पोळ्या टाकल्या. निघताना सारंगनं हातात पाकीट दिलं. घरात कोणी वारलं की मालक देतात, तसं समजून मी घेतलं आणि मायच्या पुण्यानुमोदनाच्या कार्याला लावलं. वलगावला पोचले तर मायला नेऊन झालं होतं. ओटा धुऊन वाळतही आला होता. तिथं मला रडूच आलं नाही. बाया म्हणाल्या, शहरात राहून हिचं काळीज दगडाचं झालं.

पुढं एक दिवस चहा घेऊन गेले तर त्याचे मित्र डोळे मिटून माना डोलवत होते. भोंग्यातून मीच रडत होते. आवाज ताणून इतका जाड केलेला की म्हातारीचा वाटावा. ‘तुई बाज गोठ्यात, तुई बाज गोठ्यात’, मागं तोच धिमा ठेका. एकानं विचारलं, ही म्हातारी कुठून पैदा केली? सारंग माझ्याकडं न पाहता म्हणाला, “जुनी टेप आहे.” मी कप ठेवले, साखर विचारली आणि बाहेर आले.

ते गाणं मोबाईलवरून फिरत फिरत भावाच्या पोरापाशी गेलं. आवाज कितीही ताणला तरी घरचे ओळखतातच. भावाचा फोन आला. “माय मेली तिथं तुनं दुकान लावलं. पैसे घेऊन मले गावात नागडं केलं. आता या ओट्यावर पाय ठेवशीन त तंगडं मोडीन.” गोठ्याबद्दल तो काहीच बोलला नाही.

मी सारंगला म्हटलं, माझं रडणं काढून टाका. तो हसला. “मावशी, अख्ख्या अल्बमचा जीव त्यातच आहे. आणि पैसे घेतले होते ना तुम्ही?” मायच्या नावाचे समजून घेतले, म्हटलं. “काय समजून घेतले ते तुमचं तुम्ही पाहा. घेतले ना?” मग परत करते, म्हटलं. “करा. मग बघू.”

तेव्हापासून दुपारी आणखी एका घरची धुणीभांडी धरली. दर पगाराला त्याला थोडे देत गेले, तो घेत गेला. एकदाही नको म्हणाला नाही.

आता वलगाव मला बंद आहे. घर म्हणजे जिथं मोठ्यानं रडता येतं अन् कोणी ते उचलून नेत नाही, असं मी आता समजते. तसं ठिकाण माझ्यापाशी नाही. तुझ्यापाशी असेल तर सांभाळ.

काल शेवटचे दिले. त्यानं कानावरचा हेडफोन न काढताच हात पुढं केला. गाणं काढणार का, असं मी विचारलं. आता कुठून कुठून काढणार, म्हणाला, आणि नोटा खिशात घातल्या. भाऊ भेटला तर त्याला एवढंच सांग की मायच्या मरणावर मी एक रुपयाही खाल्ला नाही. घेतले होते ते सगळे फेडले.