एस्कुदेरो म्हणजे नोकर नव्हे

सिआचोके गावच्या बटाट्याच्या शेतांतून वर आलेला आबदेनागो कुसारिया अकरा वर्षं शर्यतींत दुसऱ्यासाठी सायकल मारत होता. संघाचा म्होरक्या होता पिराहोन. त्याच्यासाठी वारा अंगावर घ्यायचा, गुळाच्या पाण्याच्या बाटल्या पोचवायच्या, त्याचं चाक पंक्चर झालं की आपलं काढून द्यायचं. रेडिओवाले कौतुकानं म्हणायचे, "पिराहोनचा एस्कुदेरो!"

गावच्या दुकानात मात्र लोक हसायचे. "काय रे नोकरा, मालकाचे बूट पुसलेस का?"

एकदा तो घरी येऊन चडफडला. त्याची बायको एउदोक्सिया गावच्या शाळेत शिकवायची. ती म्हणाली, "अहो, एस्कुदो म्हणजे ढाल. पूर्वी घोड्यावरच्या सरदाराची ढाल वाहणारा तो एस्कुदेरो. आता कुणाच्याही भरवशाच्या साथीदाराला म्हणतात. ढाल नोकराच्या हातात देतं का कुणी?"

हे त्याच्या डोक्यात पक्कं बसलं.

त्याच वर्षी एका शर्यतीत घाट उतरताना पिराहोन खडीवरून घसरला. कोपर सोलवटलं, सायकल मोडली. आबदेनागो थांबला. मागून संघाच्या व्यवस्थापकाची गाडी आली.

"सोड त्याला! तो संपला आज. पुढे जा, संघातल्या माझ्या पुतण्याला वाऱ्याआड घेऊन ओढ!"

"नाही जाणार."

"एस्कुदेरो आहेस तू! सांगितलं ते करायचं!"

"एस्कुदेरो आहे म्हणूनच थांबलोय. माणूस पडल्यावरच ढाल लागते, साहेब. टपावरची सायकल काढून द्या."

"उद्यापासून संघात दिसायचं नाही!"

"उद्याचं उद्या. आधी सायकल काढा."

रस्त्याकडेचे लोक ओरडायला लागले, तेव्हा कुठे सायकल खाली आली. कण्हणाऱ्या पिराहोनला आपल्या मागे वाऱ्याआड घेऊन आबदेनागोनं उरलेला उतार आणि पुढचा सगळा चढ काढला. दोघं सगळ्यांत शेवटी पोचले.

संध्याकाळी त्याला काढून टाकलं. पिराहोन आभारबिभार मानायला आला नाही. आबदेनागोला वाईट वाटलं, पण पस्तावा झाला नाही. तो दुधाची गाडी चालवू लागला. दुकानात कुणी "नोकर" म्हटलं की तिथल्या तिथे ढालीचा अर्थ ऐकवायचा, समोरचा गप्प होईपर्यंत.

पुढच्या वर्षी प्रांताच्या शर्यतीत त्यानं एकट्यानंच नाव घातलं. एउदोक्सियानं शिवलेला बिनजाहिरातीचा सदरा अंगात होता. चढावर व्यवस्थापकाची गाडी शेजारी आली.

"आता कुणासाठी मरतोयस रे?"

"माझ्यासाठी," आबदेनागो म्हणाला. "गाडी बाजूला घ्या, धूळ उडतेय."