बाबांचे डोळे आणि देवाचा शब्द

बाबांना काचबिंदू झाला तेव्हा मी सहावीत होते. ते खापरखेड्याच्या वीज केंद्रात फिटर होते आणि आम्ही तिथल्याच कॉलनीत राहायचो. आधी त्यांना बाजूचं दिसेनासं झालं. पाण्याचा पेला समोर ठेवला की दिसायचा, जरा डावीकडे सरकवला की नाही. चाळिशी लागली असेल म्हणून त्यांनी चष्मा केला आणि त्यात सात-आठ महिने गेले. नागपूरच्या डॉक्टरांनी तपासलं तोवर एक डोळा गेलेलाच होता. दुसऱ्याचं ऑपरेशन झालं, पण तोही वाचला नाही.

"काचबिंदूनं गेलेली नजर परत येत नाही," डॉक्टर आईला म्हणाले. "त्यांना हाताचं काम शिकू द्या. शहरात केनच्या, म्हणजे वेताच्या, खुर्च्या विणायला शिकवतात, न दिसणाऱ्यांना. लवकर सुरू केलेलं बरं."

नोकरी सुटली तसं क्वार्टरही सुटलं. आम्ही नागपुरात, प्रताप नगरात दोन खोल्या भाड्यानं घेतल्या. गांधीबागेतला एक कापडवाला आईला झबल्यांचं कापड द्यायचा, ती घरी मशीनवर शिवायची.

त्याच उन्हाळ्यात आमच्या चर्चमध्ये बाहेरगावचे एक प्रचारक आले. तीन दिवस सभा झाल्या आणि चौथ्या दिवशी ते आमच्या घरी आले. तरुण होते, आवाज भारदस्त होता. त्यांनी बाबांच्या डोळ्यांवर हात ठेवून बराच वेळ प्रार्थना केली. मग म्हणाले, "प्रभूनं मला आत्ताच सांगितलं आहे. येत्या नाताळात तुम्ही स्वतःच्या डोळ्यांनी शास्त्र वाचाल."

खोलीत मंडळीतले दहा-बारा जण होते. सगळे आमेन म्हणाले. मीही म्हणाले, सगळ्यांपेक्षा मोठ्यानं.

बाबांनी तो शब्द घट्ट धरला. खुर्च्या विणायला शिकायचा विषय त्यांनी बंद केला. आईनं काठी आणली, तर म्हणाले, "काठी काहून घेऊ? काठी घेतली म्हणजे मी त्याले खोटं पाडलं." बिनाकाठीचे चालायचे आणि नडग्या फोडून घ्यायचे. सकाळी उठलं की खिडकीकडे तोंड करून उभे राहायचे आणि डोळ्यांसमोर हात हळूहळू हलवायचे. कोणी पाहत नाही असं त्यांना वाटायचं. मी अंथरुणातून पाहायचे. हात खाली आला की समजायचे, आजही नाही.

नाताळ आला. आम्ही नवे कपडे घालून चर्चला गेलो. बाबा पुढच्या बाकावर बसले. उपासना संपली, लोक एकमेकांना भेटले, आणि बाबा माझा खांदा धरून घरी आले.

नंतरचे दिवस वाईट होते. कोणी म्हणालं, विश्वास कमी पडला असेल. एका बाईनं आईला बाजूला घेऊन विचारलं, "घरात काही लपवलेलं पाप तर नाही नं वं?" आई घरी आली आणि मशीनवर बसली. त्या दिवशी तिच्याकडून तीन झबली उलटी शिवली गेली.

जानेवारीत एक दिवस मी शाळेतून आले तर बाबा ओसरीवर चटई टाकून बसले होते.

"शास्त्र काढ, बेटा," ते म्हणाले. "पहिल्या पानापासून वाच. मले डोळे देईन असं त्यानं कुठी म्हटलं, ते आपण शोधू."

"सगळं वाचू?"

"सगळं. एक ओळ सोडायची नाही."

आणि खरंच सोडू दिली नाही. अमक्याचा मुलगा तमका, तमक्याचा मुलगा अमका, अशी पानंच्या पानं नावं यायची. मी उडी मारली की ते लगेच म्हणायचे, "मधातलं कुठी गेलं?" शाळा सुटल्यावर रोज तासभर हे चालायचं. मैत्रिणी लंगडी खेळायच्या आणि मी देवाच्या मंडपाला किती खांब होते ते वाचत बसायचे. मला फार राग यायचा. आई आत शिवत असायची. एखादा भाग तिला आवडला की मशीन थांबायची.

म्हाताऱ्या नवराबायकोला देवानं लेकरू कबूल केलं आणि पंचवीस वर्षं थांबवलं, ती गोष्ट वाचली तेव्हा मी म्हटलं, "पाहा नं बाबा, तुमचं तर अजून वर्षही नाही झालं."

"त्यायले त्यानं सोता सांगतलं होतं," बाबा म्हणाले. "मले कोणी सांगतलं, ते पाहून राहिलो मी. पुढं वाच."

दिवाळीची सुट्टी लागली तेव्हा आम्ही संदेष्ट्यांच्या पुस्तकांपर्यंत पोचलो होतो. तिथे एके ठिकाणी देव म्हणतो की आंधळ्यांना मी त्यांना ठाऊक नसलेल्या वाटेनं घेऊन जाईन. बाबांनी हात वर केला. "थांब. पुन्हा वाच."

मी पुन्हा वाचलं. चार वेळा वाचायला लावलं.

"डोळे देईन नाही म्हणत," बाबा म्हणाले. "घेऊन जाईन म्हणते."

आतून आई म्हणाली, "अहो, अंधाराचा उजेड करीन असंबी आहे त्यात."

"आहे. पण कधी, ते नाही सांगतलं. नाताळाचं तर नावच नाही." आणि कितीतरी दिवसांनी ते हसले.

पुढं नव्या करारात येशूनं आंधळ्यांना दृष्टी दिल्याच्या गोष्टी आल्या तेव्हा मला वाटलं, आता सापडलं. बाबांनी मात्र शास्त्र मिटायला लावलं. दोन दिवस वाचनच झालं नाही. तिसऱ्या दिवशी म्हणाले, "त्यायले दिले. देऊ शकते, हे तर पक्कं. पण मले देईन असं म्हटलं काय? वाच पुढं."

शेवटचं पान झालं तेव्हा दुसरा नाताळही होऊन गेला होता. आई हातातलं काम ठेवून ओसरीवर आली.

"भेटलं?" तिनं विचारलं.

"नाही भेटलं."

"मग?"

"मग त्यानं शब्द मोडला नाही, वं. तो शब्द त्याचा नव्हताच." बाबांनी चटईवर हात फिरवला. "त्याचा आहे तो हा, की मी तुले सोडणार नाही. तो तर जागोजागी भेटला. मी मोजत होतो मनात, मग मोजणं सोडलं. त्या शब्दाच्या भरवशावर बसायले हरकत नाही."

आई रडली. मला तेव्हा ते दुःखाचं रडणं वाटलं.

पुढच्या सोमवारी बाबांनी काठी मागितली. आई त्यांना खुर्च्या विणायला शिकवतात तिथे घेऊन गेली आणि महिनाभर रोज बसनं सोबत गेली. मग ते एकटे जायला लागले. बोटं फिटरची होती, हात लवकर बसला. बादलीत केनच्या पट्ट्या भिजत घालायच्या आणि दिवसभर विणायचं. शाळांच्या, बँकांच्या, दवाखान्यांच्या खुर्च्या आमच्या ओसरीवर रांगेनं असायच्या.

मी कॉलेजात असताना ते प्रचारक पुन्हा आले. केस पिकायला लागले होते. बाबांनी आवाजावरून ओळखलं आणि खुर्ची पुढे केली.

"तुमच्यासाठी मी अजून प्रार्थना करतो," ते म्हणाले. "विश्वासात कुठं कमी..."

"साहेब, एक विचारू काय? त्या दिवशी खरंच त्यानं सांगतलं होतं तुम्हाले?"

त्यांनी खुर्चीच्या विणीवरून बोट फिरवलं. मग म्हणाले, "मला तसं वाटलं होतं."

"मग 'मले वाटते' असं म्हणायचं होतं. मी तेव्हाच काठी घेतली असती. आणि हिच्या आईले लोकायनं जे विचारलं, ते विचारलं नसतं."

"माफ करा मला."

"केलं. चहा घ्या."

आई उठून परसात गेली. चहा मीच केला. ते गेल्यावर ती म्हणाली, "तुम्ही केलं माफ, बरं केलं. मले टाइम लागन." तिला लागलाही, दोनेक वर्षं. मग एका नाताळात तिनं स्वतःहून त्यांना फराळाचा डबा पाठवला.

बाबांना शेवटपर्यंत दिसलं नाही. माझं लग्न ठरलं त्या वर्षी मी त्यांना विचारलं होतं, "बाबा, देव तुम्हाला डोळे देऊ शकतो असं अजूनही वाटतं?"

"शकते नं. उद्या दिले तर मी काय नाही म्हणणार आहे?" ते म्हणाले, आणि बादलीतली पट्टी पुरेशी नरम झाली का ते चाचपून पाहायला लागले.