मॅग्नसचा गुडघा आणि माझं भाषण

आधी चहा घ्या, मग सांगतो. रिकाम्या पोटी ऐकण्यासारखी ही गोष्ट नाही आणि सांगण्यासारखी तर मुळीच नाही.

एका चांगल्या चालत्याफिरत्या माणसाला मी भर सभेत निवृत्त केलं. त्याने मागितलेलं नसताना. शाल घातली, नारळ दिला, वर भाषण ठोकलं. आणि पहिल्या रांगेत कोण बसलं होतं माहितेय? त्याला आणखी एक वर्ष ठेवायचं की घरी पाठवायचं, हे ज्याच्या हातात होतं, तोच माणूस. त्यालाही मीच बोलावलं होतं.

तुम्ही म्हणाल, पोतनीस, असं कसं केलंत? दमलो होतो हो. याहून मोठं कारण माझ्याकडे नाही.

मी दुबईजवळच्या उम्म अल कुवैनमधल्या एका छोट्या फुटबॉल क्लबाचं ऑफिस सांभाळतो. फुटबॉल मला कळत नाही. ऑफसाइड म्हणजे काय हे कुणी समजावायला लागलं की अजूनही मी फोन आल्याचं सोंग करून बाहेर जातो. माझं काम खेळाडूंचे व्हिसा, मेडिकल, घरं, गाडीची लायसन्स आणि त्यांच्या बायकांना हवे असलेले पडदे. राहतो शेजारच्या अजमानला. वीसेक वर्षं झाली, रोज तोच रस्ता, तीच धूळ. दर जूनला मी बायकोला सांगतो, वृंदा, हे शेवटचं वर्ष, पुढच्या वर्षी चिंचवड. पूर्वी ती "खरंच?" असं विचारायची. आता भाजी निवडताना मान पण वर करत नाही.

तर मॅग्नस. हा आमच्या क्लबाचा स्वीडिश डिफेंडर. छत्तिशीचा, दाराच्या चौकटीला कपाळ आपटेल एवढा उंच, आणि बोलायला अत्यंत कंजूष. मी त्याला मेडिकलला, बँकेत, इकडेतिकडे गाडीतून न्यायचो तेव्हा तो दर सिग्नलला एक वाक्य बोलायचा. सिग्नल हिरवा झाला की बंद. त्याची अख्खी कारकीर्द मी अशी लाल दिव्यांवर गोळा केली आहे.

वडील लाकडाच्या गिरणीत. गाव इतकं उत्तरेला की खेळायच्या आधी पोरांनी मैदानावरचा बर्फ फावड्याने काढायचा. मग स्वीडनमधलाच एक दुसऱ्या फळीतला क्लब, मग डेन्मार्क, तुर्कस्तान, सायप्रस आणि शेवटी आमचं उम्म अल कुवैन. देशाकडून एकदाच खेळला, तेही सामना संपता संपता कुणाच्या तरी जागी.

"मग काय झालं?" मी विचारलं.

"बॉल माझ्याकडे आलाच नाही."

पुढच्या सिग्नलपर्यंत मी थांबलो. "मग?"

"मग घरी गेलो."

एकदा मी विचारलं, एवढ्या वर्षांत गोल किती केलेस? त्याने बराच विचार केला. "दोन," म्हणाला. मी अभिनंदन करणार, तेवढ्यात सिग्नल सुटला. पुढच्या लाल दिव्याला त्याने वाक्य पूर्ण केलं. "त्यातला एक आमच्या टीमसाठी."

मला हा माणूस फार आवडला. डिफेंडरचं काम आणि माझं काम सारखंच, असं मला वाटायचं. सगळं नीट झालं तर कुणाचं लक्ष नाही, आणि एक व्हिसा अडकला की सगळा क्लब विचारतो, पोतनीस कुठाय? खरं तर "बोतनीस कुठाय", कारण आमच्या अरब मंडळींना प म्हणता येत नाही. असो.

गेल्या वर्षी जूनमध्ये मला एकेक गोष्ट दिसायला लागली. प्रॅक्टिस झाली की मॅग्नस गुडघ्यावर बर्फ धरून बसायचा. जिना उतरताना थोडा आडवा होऊन उतरायचा. एक दिवस त्याने आपले जुने बूट मैदानावर पाणी मारणाऱ्या लोकांना देऊन टाकले. मग बायको आणि मुलगी स्वीडनला गेल्या. मग त्याने माझ्याकडे रिकामे खोके मागितले, मोठे आणि पुष्कळ. वर सिग्नलला म्हणाला, "दिलीप, फार दमलोय. घरी जावंसं वाटतं."

आता मला सांगा, यात शंकेला जागा आहे का?

मी घरी जाऊन वृंदाला सांगितलं की मॅग्नस कायमचा निघाला. ती म्हणाली, "अहो, पण तुम्ही विचारलंत का त्याला?"

विचारलंत का! निवृत्त होणाऱ्या माणसाला असं कुणी तोंडावर विचारतं का? आमचे वडील सरकारी ऑफिसात होते. तिथे निरोप समारंभाची सगळी तयारी चोरून व्हायची. ज्याचा सत्कार तो मुद्दाम अनभिज्ञ राहायचा, आणि शाल खांद्यावर पडली की "याची काय गरज होती" म्हणायचा. ही आपली रीत. ती स्वीडनमध्ये नसेल, हा विचार माझ्या डोक्यात आला नाही.

अजमानमधली आम्ही पंचवीस-तीस मराठी घरं महिन्यातून एकदा एका हॉलमध्ये दुपारचं जेवायला जमतो. स्वयंपाक हमीदभाई परकारांचा. ते रत्नागिरीचे, इथे त्यांचं छोटं हॉटेल आहे आणि त्यांच्या हातच्या तांदळाच्या भाकरीसाठी लोक दुबईहून येतात. त्यांना मी सांगितलं, या वेळी जेवणाआधी सत्कार आहे.

"जातोय ना पण तो नक्की?" हमीदभाईंनी विचारलं.

म्हणजे दोन माणसांनी मला वेळेवर टोकलं होतं. मी दोघांकडेही दयेने बघितलं.

आता सत्कार म्हटला की अध्यक्ष लागतो. अध्यक्षांशिवाय शाल घालायची म्हणजे पाहुण्याला थंडी वाजतेय असं दिसतं. म्हणून मी आमच्या क्लबाचे मॅनेजर, अबू माजिद, यांना बोलावलं. वयस्कर, शांत माणूस, घरी शर्यतीचे उंट. इथल्या इंडियन लोकांशी ते हिंदीतच बोलतात. त्यांना मी एवढंच म्हणालो की आमच्या लोकांबरोबर जेवायला या, मॅग्नस पण आहे. मॅग्नसलाही तेवढंच सांगितलं. दोघेही मासे खायला आले होते, बिचारे.

मी परिचय करून द्यायला उभा राहिलो. परिचय मला जमतो, हे माझ्या आयुष्यातलं एक दुर्दैव आहे. बर्फ आणि फावड्यापासून सुरुवात केली. डेन्मार्क, तुर्कस्तान, सायप्रस झालं. देशाकडून खेळताना बॉल न आल्याचा प्रसंग असा रंगवला की मागच्या बायकांनी रुमाल काढले. आणि मग मी घसरलो.

"मित्रहो," मी म्हणालो, "सकाळी उठल्यावर पहिली चार पावलं टाकताना गुडघ्याचं काय होतं, ते याला विचारा. जिना समोर आला की आधी कठडा शोधावा लागतो. दरवर्षी वाटतं, आता पुरे, घरी जाऊ. पण जात नाही, कारण आपल्यावाचून इथलं अडेल असं वाटतं. कुणाचं काही अडत नसतं, मित्रहो. हे कळायलाच आयुष्य जातं. आता या गुडघ्यांना बसू द्या."

टाळ्या पडल्या. मग अबू माजिदना कळावं म्हणून मी हे सगळं हिंदीत परत सांगितलं. "इसका घुटना खलास, सर. बर्फ लगाता है, जीना नहीं उतरता. अब आराम."

त्यानंतर शाल. जूनमधलं अजमान, बाहेर चटके, एसीला दम लागलेला, आणि वृंदाने पुण्याहून आणलेली लोकरीची शाल. मॅग्नस खाली वाकला तेव्हा कुठे माझे हात पोचले. नारळ हातात घेऊन तो माझ्याकडे बघत राहिला. मला वाटलं, गहिवरला.

अबू माजिद जागेवरूनच बोलले, आमच्यात बसल्यामुळे सवयीने हिंदीतच. आवाज अगदी साधा होता.

"मॅग्नस, तू जा रहा है? परसों तो मेरे को बोला, एक साल और खेलेगा."



मॅग्नसला हिंदी कळत नव्हती, पण आमच्यातल्या कुणीतरी इंग्रजीत सांगितलं. त्यावर तो जे बोलला ते सिग्नलविना, सलग. मी जात नाहीये, म्हणाला. मुलीचं शाळेचं शेवटचं वर्ष आहे, ते इथेच पुरं व्हायला हवं, म्हणून आम्ही छोट्या फ्लॅटमध्ये चाललोय. खोके त्यासाठी. नवे बूट आले म्हणून जुने दिले. बायको-मुलगी सुट्टीला गेल्यात. मी दमलोय, कारण जून आहे. "येत्या आठवड्यात माझ्या पुढच्या वर्षाचा निर्णय आहे, दिलीप. हे वर्ष मिळालं नाही तर मी कोण आहे, मला माहीत नाही."

सगळे माझ्याकडे बघायला लागले. वृंदा बघत नव्हती. ती खाली चटईकडे बघत होती, आणि ते जास्त वाईट होतं. मला इतकी लाज वाटली की तो नारळ माझ्याच डोक्यात फोडावा.

अबू माजिदनी पुढचा प्रश्न विचारला, तो मॅग्नसला नव्हे, मला. "और घुटना? बर्फ लगाता है, तू बोला. जीना नहीं उतरता, तू बोला."

मी माइक खाली ठेवला. एवढं भाषण करून झाल्यावर बोलायला शिल्लक तरी काय राहणार?

वाचवलं हमीदभाईंनी. "भाकऱ्या गार होतायत," म्हणाले. "आधी जेवा. माणसाला उपाशी पोटी निर्णय घ्यायला लावू नका."

आमची जेवणं पंगतीत, जमिनीवर. अबू माजिदना त्याची सवय, ते आपला पांढरा पायघोळ कंदुरा सावरून आरामात बसले. मॅग्नसने मात्र जन्मात मांडी घातली नसावी. सगळा हॉल त्याच्या गुडघ्यांकडे बघत होता. त्याने आमच्याकडे बघितलं, त्या लांबलचक पायांची घडी घातली आणि बसला. शाल तशीच अंगावर. आपल्याला काढता येते की नाही हे त्याला माहीत नव्हतं, आणि मला सांगायचा धीर नव्हता. सुरमई खाताना तो घामाने निथळत होता, पण हूं का चूं नाही.

मला त्याच्या शेजारीच बसवलं. यजमान ना मी. बसलो म्हणजे काय, पडलो आणि तिथेच राहिलो. घरी आम्ही टेबलावर जेवतो. आमच्या या जेवणांत मी कायम वाढायला उभा असतो, का ते आता तुम्हाला कळलं असेल.

अबू माजिद फारसं जेवले नाहीत. बघत होते.

जेवण झालं. मॅग्नस उठला. एका हातात ताट, दुसऱ्या हातात सोलकढीची वाटी, जमिनीला बोटसुद्धा न लावता, सरळ वर. मला क्षणभर इतका आनंद झाला की मीही उठायला गेलो.

एक हात टेकला. काही झालं नाही. दुसरा टेकला. मग मी वळून चार पायांवर आलो आणि तिथे अडकलो. पुढे जाता येईना, मागे येता येईना. शेवटी एका बाजूने हमीदभाई आणि दुसऱ्या बाजूने, शाल पांघरलेला मॅग्नस, असं दोघांनी मला उचललं. तेव्हा माझ्या गुडघ्यातून जो आवाज निघाला, तो ऐकून वाढणाऱ्या बाईंनी कुणाचा पापड मोडला ते बघितलं.

अबू माजिद हात धुऊन आले. म्हणाले, "मैं ऊंट को दौड़ते नहीं देखता. बैठते देखता हूं, उठते देखता हूं." मग मॅग्नसकडे बोट केलं. "ये एक साल चलेगा, इन्शाल्ला."

माझा जीव भांड्यात पडला. मग त्यांनी मला वरपासून खालपर्यंत नीट न्याहाळलं.

"बोतनीस, तू जो बोला सब सच बोला," ते म्हणाले. "बस, आदमी गलत था."

हसले सगळे. वृंदापण हसली. मीही हसलो, पण खरं सांगू का, ते आत कुठेतरी जाऊन लागलं. वीस वर्षं बायकोला जे धड सांगता आलं नाही, ते मी परक्या माणसाच्या नावावर माइकवर सांगून मोकळा झालो होतो.

परतताना मॅग्नस माझ्या गाडीत होता. मी सॉरी म्हणालो. एक सिग्नल गेला, दुसरा गेला. तिसऱ्याला तो म्हणाला, "शाल चांगली आहे. माझ्या गावात रोज लागेल." त्याच आठवड्यात त्याला वर्ष मिळालं. त्याच्या फ्लॅटचे खोके मीच उचलायला गेलो होतो, पण त्याने मला एकही उचलू दिला नाही.

माझ्यासाठीही अबू माजिदचा हुकूम सुटला. आठवड्यातून एकदा क्लबाच्या फिजिओकडे जायचं, नाहीतर सुट्टी मंजूर नाही. तेव्हापासून मी तिथल्या टेबलावर पडलेला असतो आणि शेजारच्या टेबलावर मॅग्नस. त्याचं दहा मिनिटांत आटपतं. माझं चालूच असतं.

परवा नवी फिजिओ आली, फिलिपिनो मुलगी. तिने माझा गुडघा हलवला, कान जवळ नेला आणि हळहळून विचारलं, "सर, तुम्ही कुठल्या पोझिशनला खेळायचात?"

मी काही बोलायच्या आत शेजारच्या टेबलावरून, डोळे मिटलेल्या मॅग्नसचा आवाज आला.

"डिफेंडर. वीस वर्षं. कुणाचं लक्ष नव्हतं." मग तो थांबला. तिथे सिग्नल नव्हता, पण त्याला सवयच आहे. "गोल एकच. तोही आपल्याच जाळ्यात."